मामंजींना हुंकार बंद

"हुंकार द्या रे कोणीतरी. माणसं आहात का खांब आहात?"

मामंजी ओट्यावर उभं राहून ओरडत होते आणि समोर बसलेला अख्खा शनवारा आपापल्या चपलांकडं बघत होता. इतक्या निरखून, की जणू आजचा पेपर चपलांवरच छापून आलाय. मी समोरच्या आमच्या घराच्या माडीवर बांबूच्या चिकेआड उभी होते. माझ्या मागं सासूबाईंचा सारीपाट मांडलेला, शेजारणी भोवती बसलेल्या, कवड्या सासूबाईंच्या मुठीत. लग्न होऊन आल्यापासून त्यांची ती मूठ अशी हवेत थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"काय झालं गं बाहेर?"

"मामंजींना कोणी हुंकार देत नाहीये."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

सासूबाईंनी कवड्या टाकल्या. दान झकास पडलं होतं, पण त्यांनी सोंगटी हलवली नाही. "म्हणजे आता हे रोज संध्याकाळी घरी बसणार," त्या म्हणाल्या, आणि शेजारणींच्या तोंडचं पाणी पळालं.

हुंकाराचं एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी आमचा ओटा पाहिलेला नाही.

बऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यात आमच्या घरासमोर एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एक खोली, एक बाक आणि चोरीला जाऊ नये म्हणून काठीला बांधलेला एक पेपर. तो नागपूरहून निघायचा, भुसावळला गाडी बदलायचा आणि आमच्याकडं पोचेपर्यंत त्यातल्या बातमीला आंबूस वास सुटलेला असायचा. पण शिळ्या भाकरीचाही कुस्करा चांगला होतो, फोडणी देणारा पाहिजे. ते काम मामंजींचं. वाचनालयापुढं दगडी ओटा होता. दिवेलागणीच्या आधी त्यावर उभं राहून ते पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि ज्याला अक्षर येतं तो आणि ज्याला येत नाही तो, दोघं मांडीला मांडी लावून ऐकायचे.

मामंजी कापसाच्या जिनात काट्यावर होते. यंत्रांच्या धडधडीवर आवाज चढवून वजन सांगता सांगता त्यांचा गळा असा काही तयार झाला होता की त्यांनी घरात नुसतं "पाणी" म्हटलं तरी ते माठातून आपणच उडी मारून पेल्यात येईल असं वाटायचं. त्यांनी ओट्यावर "आजची बातमी" म्हटलं की तापीच्या पलीकडं चुलीवरचं दूध उतू जायचं. दापोऱ्याची माणसं म्हणायची, आम्हाला पेपर कशाला पाहिजे, वारा तिकडून इकडं असला म्हणजे झालं. निंबोल्याला तेवढं स्वच्छ ऐकू जायचं नाही. तिथं फक्त ठळक मथळे पोचायचे. असीरगडावरची माकडं पेपर वाचून होईपर्यंत झाडावरून हलत नसत, हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सासूबाईंच्या भावानं पाहिलंय आणि तो माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो.

तर ओट्याची रीत. वाचणाऱ्यानं एक वाक्य वाचायचं, थांबायचं; ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी "हं" म्हणायचं; मग पुढचं वाक्य. रात्री आजी गोष्ट सांगते तेव्हा पोरांनी हुंकार द्यायचा असतो ना, तसं. हुंकार आला नाही तर बातमी तिथंच उभी. म्हणतात की फार पूर्वी एक वाचणारा होता, तो हुंकाराबिंकाराची वाट न बघता वाचतच सुटला. पहिल्या महायुद्धाची बातमी वाचत होता. मान वर केली तेव्हा समोर एक माणूस नाही, युद्ध संपलेलं, आणि त्याची दाढी ओट्याखाली पोचलेली. तेव्हापासून ही रीत. हुंकार म्हणजे "पटलं" असं नाही. हुंकार म्हणजे "आम्ही इथं आहोत, तू बोल." त्या एका "हं"वर लंकेची लढाई आणि कापसाचा भाव दोन्ही पुढं सरकायचे.

आणि आता तोच मामंजींना बंद झाला होता.

कारण असं झालं. ती वर्षं देश जोडायची होती. राजेरजवाडे खालसा करून झाले होते, आता प्रांतांची कापाकापी आणि शिलाई चालली होती. कोणता तालुका कुठल्या भाषेच्या ताटात वाढायचा, याचा विचार करणारे मोठे साहेब गावोगावच्या लोकांचं म्हणणं ऐकून घेत होते, आणि ते आमच्याकडंही येणार अशी हवा होती. आमचं बऱ्हाणपूर तर अशा जागी बसलेलं की एका कुशीवर वळलं की खानदेश, दुसऱ्या कुशीवर निमाड, आणि पाय लांब केले तर वऱ्हाड. वाचनालयाचे चिटणीस शाळेत मराठीचे मास्तर होते. त्यांनी ठरवलं की साहेब आले की ओट्यावरून एकच आवाज गेला पाहिजे: आम्ही मराठी, आम्हाला मराठी मुलखात घ्या. मास्तरांचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं, हे मी आजही सांगेन. त्यांच्या शाळेत मराठीचे वर्ग दरसाल आटत चालले होते. हिंदी राज्यात राहिलो तर पाटीवरचा 'ळ' सगळ्यात आधी पुसला जाईल, असं ते म्हणायचे.

मामंजींनी ती बातमी वाचली. हुंकार आला. मग त्यांनी पेपर खाली केला आणि स्वतःचं एक वाक्य जोडलं.

"आणि मी म्हणतो, आपण इथंच बरे आहोत."

"कसं काय दादा?" मास्तरांनी विचारलं.

"सीधी गोष्ट आहे, मास्तर. इथं हिंदीवाले आपल्याला मराठी म्हणून ओळखतात. मानानं ओळखतात. उद्या आपण पुणेवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसलो आणि तोंड उघडलं, तर ते काय म्हणतील? म्हणतील, वा, तुम्ही मराठी बरी शिकलात."

हसू फुटलं. तेच मास्तरांना लागलं. माणसाच्या मताला उत्तर देता येतं, पण ज्या मताला माणसं हसली त्याला काय देणार? ते म्हणाले, ही मातृभाषेची थट्टा आहे. मामंजी म्हणाले, मातृभाषा घरात पदर खोचून काम करते, तिला थट्टा समजते. मास्तर म्हणाले, दादा, साहेबांपुढं असं बोलाल तर आमच्या सगळ्यांचं म्हणणं वाया जाईल. मामंजी म्हणाले, मग साहेबांना सांगा ना, की एक म्हातारा असंही म्हणतो. तालुक्यात एक म्हातारा मावत नसेल तर तुमचं राज्य फारच तंग शिवलंय.

वाचनालयाची सभा बसली. मामंजींना ओट्यावरून खाली उतरवता येत नव्हतं, कारण ओटा गावाचा. त्यावर कुत्रं बसायचं तेही कोणी हाकलत नसे. तेव्हा मास्तरांनी अशी अक्कल लढवली की तिला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता. ते म्हणाले, "आपण कोणाचं तोंड बंद करत नाही. आपण फक्त आपलं तोंड बंद ठेवायचं."

आणि म्हणून त्या संध्याकाळी मामंजी पहिलं वाक्य वाचून उभे होते. कुठल्याशा धरणाची बातमी होती. "मंत्रिमहोदयांनी पायाचा दगड बसवला." थांबले. शांतता. परत वाचलं. शांतता. ओरडून झालं, खांब म्हणून झालं. दगड काही बसेना.

तेवढ्यात ओट्याच्या पलीकडं गवळ्याच्या दारात बांधलेली म्हैस म्हणाली, "हंऽऽऽ."

साधं ओरडली नाही. वाक्य संपल्यावर, योग्य तेवढं थांबून, छातीतून म्हणाली. मामंजींनी म्हशीकडं पाहिलं, पगडी नीट केली आणि पुढचं वाक्य वाचलं. म्हैस पुन्हा "हंऽऽऽ." असं करत करत धरण बांधून झालं, त्यात पाणी सोडून झालं, आणि मामंजी आतल्या पानावर गेले. माणसं चपलांमध्ये तोंड खुपसून हसत होती. हसायला बंदी नव्हती, सभेत तो मुद्दा राहून गेला होता.

"दादा, हे नियमात बसत नाही," मास्तर उठून म्हणाले.

"का बसत नाही?"

"ती म्हैस आहे."

"असेल. शनवाऱ्यात राहते का नाही? रोज इथंच असते का नाही? रीतीत कुठं म्हटलंय की हुंकार देणाऱ्याला शिंगं नसावीत?" मामंजींनी काठीला बांधलेला पेपर राजदंडासारखा उभा धरला. "मी सांगतो, म्हशीचा हुंकार हा हुंकार. आजपासून ही ओट्याची रीत. कोणाला काही म्हणायचंय?"

कोणाला काही म्हणायचं असलं तरी म्हणता येत नव्हतं, कारण मामंजींपुढं तोंड उघडायचं नाही असं त्यांचंच ठरलेलं, आणि आपण ते मोडल्याचं ध्यानात येऊन मास्तरही खाली बसलेले. म्हणून तो ठराव एकमतानं पास झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर गवळ्याकडं गेले. गवळी दारात म्हशीला पेंड कालवत होता.

"म्हशीला जरा मागच्या बोळात बांध."

"काऊन गुर्जी?"

"ती विरोधात बोलते."

"ते जनावर आहे गुर्जी, तिला हिंदी-मराठी काय मालूम. ती पेंडीच्या बाजूची."

पण गवळ्याचा पोरगा मास्तरांच्या वर्गात होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. म्हैस मागच्या बोळात गेली. त्या संध्याकाळी मामंजींनी पहिलं वाक्य वाचलं, वाट पाहिली, पुन्हा वाचलं. मग पेपर बाकावर ठेवला, रस्ता ओलांडला आणि माडीवर आले.

इथून सासूबाईंचा वनवास सुरू झाला.

लोकांना वाटतं मत मांडायचा ओटा फक्त पुरुषांना असतो. सासूबाईंची माडी हा दुसरा ओटा होता, आणि तो खऱ्या अर्थानं गाव चालवायचा. सारीपाट निमित्ताला. कवड्या पडत असताना कोणाच्या मुलीला कोणतं स्थळ, कोणाची सासू कोणाला उपाशी ठेवते, कोण दवाखान्यात जाऊन काय लपवतंय, सगळं तिथं निघायचं आणि तिथंच निस्तरायचं. हे चालायचं ते मामंजी समोर ओट्यावर असायचे म्हणून. आता ते पाटाशेजारी लोडाला टेकून बसले. काही दिवस गप्प बसले, म्हणजे त्यांच्या हिशेबानं गप्प.

"ती सोंगटी नका हलवू वहिनी, मरेल ती."

"अहो, तुम्ही बोलू नका ना मधेच."

"मी फक्त माझं मत सांगतोय."

"मागितलं का कोणी?"

"मत मागून देतात का?"

शेजारणी पदर सावरून, आवाज खाली आणून खेळायच्या. खाली आणलेल्या आवाजात कोणाची सासू काय करते हे सांगता येत नाही. मग एकीच्या घरी पाहुणे आले, दुसरीची गाय व्यायली, तिसरीचे गुडघे दुखायला लागले. सारीपाटावर धूळ बसली. मामंजींना मात्र पत्ता नव्हता. ते सासूबाईंना एकटं गाठून विचारायचे, "वाचू का?"

वाचायला पेपर कुठं होता? तो वाचनालयाचा, काठीला बांधलेला. मामंजी गुळाच्या, जिऱ्याच्या, हळदीच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचायचे. हळदीच्या पुडीत एका लग्नाची अर्धी बातमी सापडली. नवरा कोण ते कळलं, नवरी पुडीच्या दुसऱ्या तुकड्यात कुणाच्या तरी घरी गेलेली. ते वाचून थांबायचे आणि सासूबाईंकडं बघायचे.

"मी नाही देणार हुंकार," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून देतेय. माझा संपला."

एक दिवस सासूबाईंनी मामंजींना सरळ सांगितलं, की मी पाट मांडेन, बायकांना बोलवेन, आणि त्या वेळेत तुम्ही माडीवर यायचं नाही. आलात तरी बोलायचं नाही.

"म्हणजे इथंही बंदी?"

"तिथं तुम्ही राज्यांवर बोललात म्हणून बंदी. इथं तुम्ही सोंगट्यांवर बोललात म्हणून. जा खाली."

मामंजी खाली गेले. माजघरात बसायला लागले. त्यानंतर जे झालं ते मला आवडलं नाही. त्यांचा आवाज उतरायला लागला. मी अतिशयोक्ती करत नाही, म्हणजे नेहमीएवढी करत नाही: तापीपलीकडं दूध उतू जायचं बंद झालं. दापोऱ्याचा एक माणूस बाजाराला आला तो आमच्या दाराशी थांबून विचारून गेला, म्हाताऱ्याला बरं नाही का. मामंजी पानावर बसून "भाकरी" म्हणायचे आणि मला ऐकू यायचं नाही. ज्या माणसानं जिनच्या धडधडीवर मात केली तो चुलीतल्या लाकडाच्या तडतडीपुढं हरला. घरात सगळ्यांना कळत होतं काय हवंय. ओटा हवा होता. आमच्या ह्यांनी मधे पडून मास्तरांना विचारलं, तर मास्तर म्हणाले, दादांनी एकदा म्हणावं की मी चुकलो, की आम्ही हुंकारासकट घ्यायला येतो. ह्यांनी घरी येऊन निरोप सांगितला. मामंजींनी कागदाकडं बघत मान हलवली. पण ती मान आडवी हलली.

आता माझं सांगते. माझं माहेर मलकापूर, वऱ्हाडात. तेव्हा सासर-माहेर एकाच प्रांतात, दोन्हीकडची राजधानी नागपूर. वाटेत भुसावळ मुंबईवाल्यांचं लागायचं, पण आगगाडी कुठं विचारते. नवी वाटणी झाली की वऱ्हाड मराठी मुलखात जाणार हे दिसतच होतं. आम्ही राहिलो हिंदीत, तर माझं माहेर परराज्य होणार. भाऊ राखीला येणार तो परदेशी पाहुण्यासारखा. म्हणजे मी मनातून मास्तरांच्या बाजूची. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि सून म्हणून मी मामंजींसमोर कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. पाणी ठेवायचं, पदर पुढं ओढायचा, दाराआड जायचं.

त्या दुपारी मी दाराआड तांदूळ निवडत होते. मामंजी माजघरात जिऱ्याच्या पुडीचा कागद भिंतीला वाचून दाखवत होते. भिंतीला. "नदीला पूर आल्यामुळे," ते म्हणाले आणि थांबले. थांबणं इतकं लांबलं की मला ते सोसेना. पूर तिथं अडकला होता, माणसं छपरावर अडकली होती, आणि भिंत मख्ख.

मी म्हणाले, "हं."

हुंकार म्हणजे काही बोलणं नव्हे. सून बोलली असं कोणी म्हणू शकत नव्हतं. मामंजींनी दाराकडं पाहिलं नाही. रीत त्यांनाही माहीत होती. ते म्हणाले, "नदीला पूर आल्यामुळे पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला."

"हं."

त्या दिवसापासून आमचं दाराआडचं वाचनालय चालू झालं. कागद संपले की मामंजी स्वतःचं म्हणणं मांडायचे. आपण इथंच बरे का, याची कारणं भिंतीला समजावायचे. मी हुंकार देत होते, पण सगळे हुंकार सारखे देत नव्हते. पटलं नाही की "हं"ला शेवटी वर उचलायचं, जिना चढल्यासारखं. फारच पटलं नाही तर नाकातून. मामंजी थांबायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "बरं, समजा, कोणाचं माहेर तिकडं असेल. मग त्यानं काय करावं?" आणि पाऊण तास भिंतीशी त्यावर वाद घालायचे. असा वाद त्यांच्याशी ओट्यावर कोणी कधी घातला नव्हता. आवाज परत चढायला लागला. चुलीवरचं आमचं दूध उतू गेलं, तेव्हा सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "आलं वाटतं अंगात बळ," आणि माझ्याकडं तिरकं बघून माडीवर पाट मांडायला गेल्या.

तिकडं ओट्यावर मास्तर स्वतः पेपर वाचायचे. चांगला माणूस, पण व्याकरण शिकवल्यासारखा वाचायचा, स्वल्पविरामालाही थांबायचा. ऐकणारे झोपेत हुंकार द्यायला शिकले. एकदा वाचन संपलं, मास्तर घरी गेले, जेवले, आणि ओट्यावर तरी "हं, हं" चालूच होतं.

मग एक दिवस निकाल आला. मोठे साहेब शनवाऱ्यात कधी आलेच नव्हते. मास्तरांनी त्यांच्यासाठी पाठ केलेला एकच आवाज त्यांच्या घशातच राहिला. वऱ्हाड मुंबईकडं गेलं, आम्ही राहिलो, आमची राजधानी भोपाळ. मामंजींचं म्हणणं खरं झालं. त्यात त्यांचा हात तापीत बोट बुडवून पूर आणणाऱ्याएवढाच होता, पण गावाला तो पुरेसा वाटला. लोक घरी आले, चुकलो म्हणवून घेतलंच नाही, उलट हातात मावा जिलेबी घेऊन आले. मामंजींनी एकच अट घातली: म्हैस पहिल्या जागी बांधा. गवळ्यानं बांधली. तिच्या शिंगाला फुलांची माळ होती.

त्या संध्याकाळी माडीवर सासूबाईंचा पाट भरलेला, सगळ्यांचे गुडघे बरे झालेले. आणि ओट्यावर मामंजी. पहिल्या वाक्याला असा हुंकार उठला की आमच्या खिडकीची चिक आत आली. पुढच्या बातम्या झाल्या. मामंजी जिंकलेल्या माणसाच्या आवाजात वाचत होते, आणि तो आवाज, खरं सांगायचं तर, भिंतीला समजावणाऱ्या आवाजाइतका चांगला नव्हता.

वाचन संपलं तेव्हा मास्तर उठले. "मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "निकाल लागला, तो मानला. पण हा निकाल चुकलाय."

मामंजी खाली बसत होते, ते अर्ध्यात थांबले. त्यांनी समोरच्या माणसांवरून नजर फिरवली आणि ओठांवर बोट ठेवलं. एवढंच. अख्खा ओटा परत चपलांकडं बघायला लागला. जुनी सवय, लगेच जमली.

मास्तर उभे. "निकाल चुकलाय," ते पुन्हा म्हणाले. थांबले. त्यांनीच घालून दिलेला कायदा होता, त्यांना तक्रार करायला तोंड नव्हतं. पण पुढचं वाक्यही म्हणता येत नव्हतं. रीत त्यांच्या हाडात भिनलेली. हातात शाळेतून तसाच आणलेला खडूचा तुकडा होता, तो ते चुरत होते. ते पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. त्यात शाळा होती आणि त्यात मलकापूर होतं. म्हैस पेंड खात होती. वेळेवर जनावरं कामाला येत नाहीत.

मी चिक बाजूला केली आणि "हं" म्हणाले.

इतके महिने मामंजींच्या हाताखाली काढले होते. आवाज असा गेला की निंबोल्यालासुद्धा नुसता मथळा नाही, सगळा पोचला असेल. मास्तर दचकले. वर पाहिलं नाही. म्हणाले, "आमच्या पोरांना उद्या आपली अक्षरं परकी वाटतील."

"हं."

"आणि शेजारचं गाव परगाव होईल."

"हं." हा मी नाकातून नाही दिला.

मास्तरांनी सगळं सांगितलं. कोणी मान वर केली नाही, पण कोणी उठून गेलंही नाही. सांगून झाल्यावर ते खाली बसले. मी चिक सोडली आणि मागं वळले. शेजारणी डोळे वटारून माझ्याकडं बघत होत्या. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मुठीतल्या कवड्या खुळखुळवल्या आणि टाकल्या. "तीन घरं मोकळी आहेत, ने सोंगटी," त्या जोडीला बसलेल्या शेजारणीला म्हणाल्या.

जिन्यावर पावलं वाजली. मामंजी वर आले, पगडी हातात, चेहरा लाल. दारात उभं राहून त्यांनी आधी पाटाकडं पाहिलं, मग चिकेकडं. माझ्याकडं बघायची रीत नव्हती, ती त्यांनी पाळली.

"आत्ता हुंकार कोणी दिला?"

सासूबाईंनी पाटावरून मान वर केली नाही.

"म्हैस असेल," त्या म्हणाल्या.